संगीत नाटक कंपनीतले दोघे: शेवटी बोलावं की नाही?

विंगेतला_मन्या
नमस्कार मंडळी. आमचा नाशिकचा छोटासा हौशी ग्रुप आहे, यंदा राज्य नाट्य स्पर्धेला उतरायचं चाललंय आणि संहिता माझ्या गळ्यात पडलीय. विषय असा: १९०९ चा डिसेंबर, एक संगीत नाटक कंपनी नाशकात मुक्कामाला आलीय. कंपनीत एक स्त्रीपार्टी नट, म्हणजे बायकांची कामं करणारा पुरुष, वय एकोणीस-वीस, आणि दुसरा त्याच्यासमोर नायकाचं काम करणारा, थोडा मोठा, बायको गावाकडे. स्टेजवर दोघं रोज नवरा-बायको, पदं गातात, वन्समोअर घेतात, आणि रंगपटात आले की एकमेकांकडे बघायची चोरी. पूर्ण दोन अंक कोणीच काही बोलत नाही.

प्रश्न एवढाच, शेवटच्या प्रवेशात एकाने तरी बोलावं का? आमचा दिग्दर्शक म्हणतो बोललाच पाहिजे, नाहीतर परीक्षकांना वाटेल नाटक मधेच सोडलं. मला वाटतं बोलला की सगळं फुसकन होईल. ग्रुपमध्ये दोन तट पडलेत आणि चहाचं बिल माझ्या नावावर चढतंय. सांगा.

पंचवटीकर
बोलू नका. प्रेक्षकाला कळतं.

सिडकोची_अनु
प्रेक्षकाला काही कळत नाही हो :) मागच्या वर्षी स्पर्धेत माझ्या मागच्या रांगेतले काका मध्यंतरात विचारत होते की तो पांढऱ्या कपड्यातला मेलाय का जिवंत आहे. आणि तो पहिल्याच प्रवेशात मेला होता.

तिसरी_घंटा
बोलण्या न बोलण्याचं नंतर बघू, आधी तुमची तारीख. १९०९ चा डिसेंबर आणि नाशिक म्हटलं की कोणाच्याही डोक्यात एकच गोष्ट येणार. २१ डिसेंबर, विजयानंद थिएटर, किर्लोस्कर कंपनीचं शारदा, कलेक्टर जॅक्सनचा निरोप समारंभ आणि अनंत कान्हेरेने झाडलेल्या गोळ्या. मुलगा सतरा वर्षांचा होता. तुम्ही ते दाखवणार की नाही? दाखवलंत तर तुमचे दोघे संपले, गोळीच्या आवाजानंतर स्टेजवर कोण कोणाकडे बघतंय याच्याशी कोणाला घेणं नाही. आणि नाही दाखवलंत तर प्रेक्षक शेवटपर्यंत गोळीची वाट बघत बसणार.

विंगेतला_मन्या
@तिसरी_घंटा, दाखवायचा विचार होता. म्हणजे गोळी सुटते, पळापळ, आणि त्या गोंधळात नायक पहिल्यांदा त्याचा हात धरतो.

तिसरी_घंटा
नको हो. एका माणसाचा खून झालाय, पुढच्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात तिघं फासावर गेलेत, आणि तुम्ही तो प्रसंग हात धरायला वापरणार? नाशिककर खुर्च्या फेकतील. खुर्च्या फिक्स आहेत म्हणून वाचाल.

सातपूरचा_शशी
😂😂 खुर्च्या फिक्स

मंदाकाकू
माझं मत. मला विषय आवडला, येऊन बघीन, पण दोघं नट आणि स्टेजवर नवरा-बायको हे जरा आयतं नाही का वाटत? कोणालाही पहिल्यांदा हेच सुचणार. स्टेजवर बोलता येतं आणि खाली येत नाही, पहिल्या दहा मिनिटांत कळलं, पुढचे दीड तास काय बघायचं?

आमच्या लहानपणी एक आजोबा कंपनीतल्या गोष्टी सांगायचे, ते काही मोठे नट नव्हते, सामान मोजून घ्यायचं काम होतं त्यांचं. ते सांगायचे की स्टेजवरचं प्रेम बिम नटांच्या डोक्यातही नसायचं, आज वन्समोअर किती आले आणि जेवायला काय आहे एवढंच. कंपनीत खरी जवळीक कामावरून व्हायची. कोण कोणाचं गंगावन नीट बसवून देतो, कोण कोणाला पडायच्या आधी सावरतो, कोण कोणाचा राग स्वतःवर घेतो, असं. तिथे शोधा.

विंगेतला_मन्या
काकू, हे लागलं. विचार करतो.

क्षेत्रस्थ
सगळं ठीक आहे पण नाशिकसारख्या तीर्थक्षेत्री असे विषय कशाला आणायचे? घरच्यांबरोबर बघता येईल असं काही लिहा की. आपल्या गावाला कानेटकर आणि शिरवाडकरांची परंपरा आहे.

सिडकोची_अनु
@क्षेत्रस्थ, शिरवाडकरांच्या नटसम्राटमध्ये बापाला मुलगी चोर ठरवते आणि ते आपण आजी-आजोबांसकट रडत रडत बघतो. मग दोन माणसं एकमेकांशी न बोलता बसलीत हे बघायला घरच्यांना कसली अडचण?

गोदाघाट
आणि परंपरेचं म्हणाल तर पुरुषाला साडी नेसवून त्याच्यावर फिदा व्हायची परंपरा आपलीच आहे हो :) आपल्या फाळक्यांचंच बघा, त्यांच्या राजा हरिश्चंद्र सिनेमात तारामती केली ती अण्णा साळुंकेंनी, आणि १९१७ च्या लंकादहनमध्ये तेच साळुंके रामही होते आणि सीताही होते. एकच माणूस स्वतःच्याच विरहात. त्याच्यापुढे मन्याचं नाटक फारच साधं आहे.

सातपूरचा_शशी
राम आणि सीता दोन्ही? पगार दोन मिळाले का

क्षेत्रस्थ
ती त्या काळाची सोय होती, बायका काम करायला मिळत नव्हत्या म्हणून. त्यात तुम्ही नसतं काहीतरी घुसवताय.

लंडनचा_नाशिककर
क्षेत्रस्थांचा मुद्दा अगदीच उडवून लावू नका, सोय होती हे खरंच आहे. सगळ्या स्त्रीपार्टी नटांना आजच्या चष्म्यातून बघणं हाही अन्यायच. पण सोय होती म्हणून कोणाच्या मनात कधी काही आलंच नसेल असंही नाही ना.

इथे इंग्लंडमध्ये १९६८ पर्यंत प्रत्येक नाटक लॉर्ड चेंबरलेनच्या ऑफिसातून पास करून घ्यावं लागायचं आणि १९५८ पर्यंत हा विषय स्टेजवर आणायलाच बंदी होती. तर इथल्या लेखकांनी काय केलं, तर सगळं झाकून लिहायला शिकले. दोन माणसं हवापाण्याबद्दल बोलतायत आणि ज्याला कळायचं त्याला कळतंय. त्या काळातली काही नाटकं अजूनही उभी राहतात आणि बंदी उठल्यावरची, ज्यात सगळं सांगून टाकलंय, त्यातली बरीच आज बघवत नाहीत. म्हणून माझं मत, बोलू नका. पण मग प्रत्येक साध्या वाक्याला दोन मजले पाहिजेत, ते लिहिणं जास्त कठीण आहे.

अभिषेक_एन
मला एक कळत नाही, नेहमी मागच्याच काळात का जायचं? ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ चा, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलमाचा, विषय संपवला. आता गंगापूर रोडवर दोन मुलं एकत्र राहतायत त्यांच्यावर लिहा की. शंभर वर्षांपूर्वीचे, मुके, दुःखी, शेवटी एक जण जाणार, म्हणजे प्रेक्षकाला पण बरं वाटतं की बिचारे, तेव्हा असं होतं, आणि तो घरी जाऊन आपल्या पोराला तेच करणार. तेंडुलकरांनी ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर मित्राची गोष्ट हे नाटक लिहिलं, मुलीचं मुलीवर प्रेम, तिने ते सरळ बोलून दाखवलंय. आणि आपण आता परत मुकं करायचं?

तिसरी_घंटा
@अभिषेक, मुद्दा बिनतोड आहे पण तो मन्याच्या प्रश्नाचं उत्तर नाही. आजच्या मुलांवर तू लिही, मी तिकीट काढून येतो.

आणि मन्या, ३७७ वरून आठवलं, ते कलम आपल्याकडे १८६२ पासून लागू होतं, म्हणजे तुझ्या १९०९ मध्येही होतंच. पण तुझ्या पात्रांच्या तोंडी कायदा घालू नकोस. कंपनीतल्या पोराला कायद्यापेक्षा मालकाची भीती जास्त. मालकाने काढलं तर जेवायचं कुठे, परत गावी कुठल्या तोंडाने जायचं. पंगतीत तुझं पान आज कुठे मांडलंय यावरून तुझी किंमत कळायची म्हणतात, त्याचा प्रवेश कर. एकही शब्द न बोलता पान खाली सरकतं.

पंचवटीकर
बेगम बर्वे बघितलंय का कोणी? १९७९ चं. तो स्त्रीपार्टी करणारा उदबत्त्या विकत फिरतो. मला तर झोप लागली नव्हती दोन दिवस.

सातपूरचा_शशी
मी झोपलो होतो नाटकातच. दिवे घ्या.

गोदाघाट
शशी, तुम्ही कालिदासमध्ये झोपला असाल, तिथला एसी चालू असला की कोणालाही झोप लागते.

सातपूरचा_शशी
मला तर पार्किंग शोधण्यातच झोप येते. शालिमारला गाडी लावायची म्हणजे पहिला अंक बाहेरच.

सिडकोची_अनु
रिक्षाने या. आणि धागा भरकटवू नका.

पट्टी_काळी_चार
पहिल्यांदाच लिहितोय इथे, वाचतो नेहमी. मी पेटी वाजवतो, संगीत नाटकांना साथ केलीय बऱ्यापैकी. मंदाकाकूंचं वाचून एक सुचलं ते सांगतो.

नायक-नायिका सोडा. एक स्त्रीपार्टी नट आणि दुसरा कंपनीचा पेटीवाला करा. या पोरांचं एक मोठं संकट असायचं, आवाज फुटायचं. काल वरचा षड्ज लख्ख लागत होता, आज घोगरा, आणि आवाज गेला की नायिकेची कामं गेली. आता समजा नट काळी चारमध्ये गातो, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. पेटीवाल्याच्या एके दिवशी लक्षात येतं की वरच्या पट्टीत याची ओढाताण होतेय. अजून कोणाला कळलेलं नाही. तर तो कोणाला न विचारता त्या रात्री पांढरी पाचचा स्वर देतो, अर्धा स्वर खाली. नटाला पहिल्या आलापातच कळणार, गाणाऱ्याला कळतंच, गळ्याला एकदम सैल वाटतं. तो वळून बघणार नाही कारण समोर प्रेक्षक. पद संपवेल, वन्समोअर घेईल. पुढच्या मुक्कामाला काळी तीन. असं खाली खाली. मालक काय म्हणतो, तर आज पोरगं छान गायलं.

याच्यापेक्षा जास्त काय बोलायचं एका माणसाने दुसऱ्याशी?

मंदाकाकू
अगं बाई. काटा आला.

लंडनचा_नाशिककर
हेच. हेच ते दोन मजले.

ठेका_दादरा
पेटीवाले, आम्हा तबलजींना विसरलात नेहमीप्रमाणे. तुम्ही गुपचूप पट्टी उतरवाल पण माझा दाया, म्हणजे उजव्या हाताचा तबला, काळी चारला लावलाय त्याचं काय? पहिल्या समेलाच बोंब होईल. अर्धा स्वर उतरवायचा तर तबल्याच्या काठावरच्या गजऱ्यावर खालून हातोडी मारत बसावं लागेल, ती ठकठक अख्ख्या थिएटरला ऐकू जाते. आणि काळी तीनपर्यंत नेलंत तर तो दाया ढप्प वाजायला लागेल, दुसरा मोठ्या तोंडाचा घ्यावा लागेल. म्हणजे पेटीवाल्याला नाटक सुरू व्हायच्या आत तबलजीला सांगावंच लागणार. किंवा तबलजीला आपलं आपण कळलेलं असणार आणि तो तयारीने मोठ्या तोंडाचा दाया पिशवीतून घेऊन बसलेला असणार, पेटीवाल्याने काही म्हणायच्या आधी.

विंगेतला_मन्या
थांबा थांबा. म्हणजे तिसरा माणूस मिळाला! सगळं माहीत असलेला आणि काही न म्हणणारा. दादरा, तुम्ही मला दुसरा अंक दिलात.

ठेका_दादरा
मानधन पाठवा. आणि त्याला दारुडा दाखवू नका, दर नाटकात तबलजी दारुडा असतो.

अभिषेक_एन
ओके हे भारी आहे. मान्य. पण पट्टी उतरलेली साध्या प्रेक्षकाला कळणार कशी? मला काळी आणि पांढरी यातलं काही कळत नाही.

पट्टी_काळी_चार
तेच पद पहिल्या अंकात पूर्ण ऐकवा वरच्या पट्टीत. दुसऱ्या अंकात तेच खालच्या. नाव कळलं नाही तरी वातावरण बदललेलं कानाला कळतं. आणि तबलजीचा दाया बदलणं डोळ्याला दिसतं, ते प्रकाशात करा.

तिसरी_घंटा
आणि आता साल बदल मन्या. १९०९ सोड, जॅक्सनपण सुटेल. १९३२-३३ कर. १९३२ ला अयोध्येचा राजा आला, मराठी बोलपट. १९३३ ला आंधळ्यांची शाळा हे नाटक, तिथे बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. म्हणजे पोराचा आवाज चाललाय आणि त्याच वेळी त्याच्या कामाची गरजच चाललीय. कंपनी तशीही मोडणार आहे. पेटीवाल्याने पट्टी कितीही उतरवली तरी उपयोग नाही हे त्याला माहीत आहे आणि तरी तो उतरवतोय. फक्त पोराचं वय जुळव, आवाज फुटायचा तर एकोणीस-वीस जरा उशिरा होतं, सोळा-सतराचा हवा.

सिडकोची_अनु
सोळाचा नको. प्रेमाचं नाटक आहे आणि पेटीवाला तिशीतला, ते वेगळंच होईल, मला बघवणार नाही. वीस-एकवीसच ठेवा आणि आवाज बसण्याचं कारण दुसरं द्या. रोज पहाटेपर्यंत प्रयोग, वन्समोअरवर वन्समोअर, गळा बसतोच की.

मंदाकाकू
अनुशी सहमत, शंभर टक्के. आणि पेटीवालाही बरोबरीचाच करा.

पट्टी_काळी_चार
चालतंय. अतिगाण्याने बसलेला गळा जास्तच वाईट, कारण विश्रांती घेतली तर सुटेल हे सगळ्यांना माहीत असतं आणि विश्रांती कोणी देत नाही. तो पोरगा रोज गुळण्या करतोय आणि रोज उभा राहतोय.

जुना_प्रेक्षक
बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मी नाशिकरोडचा, निवृत्त आहे. नाव विचारू नका.

मला असा एक मित्र होता. आम्ही जोडीने नाटकं बघायचो, सायखेडकरला आणि कधी मुंबईला जाऊन. परतीच्या गाडीत आम्ही नटांच्या नकला करायचो, डब्यातली माणसं हसायची. आमच्यात बोलणं झालं नाही कधी. त्याच्या लग्नात मांडवाचं सगळं मीच बघितलं, आचाऱ्याशी भांडलो, वरातीत नाचलोसुद्धा. नंतर त्याची बदली झाली.

दोन गोष्टी सांगायच्यात. पहिली, तुमच्यापैकी बरेच जण लिहितायत की न बोललेलं किती सुंदर. ते बघणाऱ्याला सुंदर. मला ते सुंदर वगैरे वाटलं नाही, मला रोज संध्याकाळी पोटात खड्डा पडायचा. तुमचा पेटीवाला पट्टी उतरवतो ते छानच आहे, पण त्याला त्याचा रागही आला पाहिजे. एखाद्या रात्री त्याने मुद्दाम वरची पट्टी द्यावी. का, तर पोरगा दुसऱ्या कोणाशी हसून बोलला म्हणून. आणि पोराचा आवाज भर प्रयोगात फाटावा.

दुसरी गोष्ट म्हणजे आम्ही खूप हसायचो. तुमच्या नाटकात अजून कोणी हसलेलं नाही.

मंदाकाकू
तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत दादा.

अभिषेक_एन
काका, मी मघाशी जे लिहिलं त्यात हे पण घ्या की मला तुमच्यावरचं नाटक बघायचंय. मी २४ चा आहे, आई-बाबांना माहीत आहे, बाबा अजून नीट बोलत नाहीत. त्यांना घेऊन येईन.

जुना_प्रेक्षक
आणा. मी कडेच्या खुर्चीत असेन, गुडघा दुमडत नाही.

विंगेतला_मन्या
काका, वरची पट्टी मुद्दाम देण्याचा प्रवेश घेतोय, तुमची हरकत नसेल तर. दुसऱ्या अंकाचा मध्य तोच. नंतर दोघं एकमेकांशी भांडतसुद्धा नाहीत कारण भांडायचं कशावरून हेच कोणाला सांगता येत नाही, मालक पोराला झापतो आणि पेटीवाला बाजूला उभा राहून ऐकतो. आणि दुसऱ्या दिवशी पोरगा रंगपटात मालकाची हुबेहूब नक्कल करून दाखवतो, पेटीवाल्याला हसू आवरत नाही, तिथे हसणं आलं.

क्षेत्रस्थ
मी माझं मत बदललेलं नाही. पण पट्टीचं ते चांगलं आहे. यात आक्षेपार्ह काय आहे हे मला शोधावं लागेल.

सातपूरचा_शशी
शोधा शोधा, तोपर्यंत पहिल्या रांगेचं तिकीट काढून ठेवतो तुमचं

गोदाघाट
व्यवहाराचं कोणीच बोलत नाहीये म्हणून. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत टाका, त्या प्रमाणपत्राशिवाय प्रयोग होत नाही, आणि आयत्या वेळी कागद राहिला म्हणून रडणारे ग्रुप दरवर्षी असतात. दुसरं, पदं जुनी घेणार की नवीन? नवीन असतील तर चालीला माणूस आत्ताच धरा. तिसरं, तुमच्या हिरोला मिशी काढायला सांगा. आमच्या वेळी एकाने साखरपुडा आहे म्हणून नकार दिला होता आणि आम्ही द्रौपदीला पदर नाकापर्यंत घेऊन उभी केली होती.

सिडकोची_अनु
😂 परीक्षक काय म्हणाले?

गोदाघाट
वेशभूषेचं उत्तेजनार्थ दिलं.

तिसरी_घंटा
बरं मन्या, मूळ प्रश्न. शेवटी बोलतात की नाही? आता दोघं नट राहिले नाहीत, तेव्हा उत्तरही बदललं असेल.

विंगेतला_मन्या
कंपनी मोडलीय, शेवटचा प्रयोग, पोराचा गळा पार गेलाय. पडदा उघडायच्या आधी पेटीवाला पहिल्यांदाच त्याला तोंडाने विचारतो, "कुठली देऊ?" इतके दिवस त्याने कधी विचारलेलं नसतं. आणि पोरगा म्हणतो, "तुम्हाला ठाऊक आहे." दिग्दर्शकाला वाचून दाखवलं, तो म्हणाला हे बोलणंच झालं की.

लंडनचा_नाशिककर
घ्या. डोळे झाकून घ्या.

पंचवटीकर
जरा टाळ्याखाऊ नाही वाटत? "तुम्हाला ठाऊक आहे" काढा. नुसता प्रश्न ठेवा आणि नांदी सुरू.

अभिषेक_एन
नाही नाही, पोराला बोलू द्या. अख्खं नाटक पेटीवालाच ठरवतोय, पट्टी उतरवायची पण त्यानेच, चढवायची पण त्यानेच. पोराने एकदा तरी स्वतःची पट्टी सांगावी. "काळी चार" म्हणू दे. गळा नाहीये, फाटणार आहे, तरी मागू दे.

पट्टी_काळी_चार
हा पोरगा काळी-पांढरी कळत नाही म्हणाला होता.

जुना_प्रेक्षक
अभिषेकचं घ्या.

विंगेतला_मन्या
दोन्ही लिहून तालमीत करून बघतो, जे नटांच्या तोंडात बसेल ते. पण त्याआधी अडचण अशी की पेटीवाला स्टेजवर खरोखर वाजवणारा हवा, नुसती बोटं हलवणारा नको. @पट्टी_काळी_चार, तुम्ही अभिनय करता का?

पट्टी_काळी_चार
अजिबात नाही. चेहऱ्यावर काहीच दिसत नाही म्हणून बायको ओरडते.

तिसरी_घंटा
झालं, हाच माणूस पाहिजे.

पट्टी_काळी_चार
तालीम संध्याकाळी सातनंतर असेल तर जमवतो, अंबडहून निघून शहरात यायला वेळ लागतो. पेटी माझीच आणीन, दुसऱ्याच्या पेटीवर हात बसत नाही. तबल्याला दादराच आहेत ना?

ठेका_दादरा
दोन दाये घेऊन येतो. मानधनाचं कोणी बोललं नाही अजून.